खासगीपणा आणि घर्षण

घर्षण हा पाठ शिकवताना आपण मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो : घर्षण मुळीच नसते तर काय झाले असते? यंत्रे झिजली नसती, तेलपाणी करावे लागले नसते, अशी उत्तरे आधी येतात. मग कोणीतरी म्हणते की चालताच आले नसते. भिंतीतला खिळा, दोराची गाठ, उतारावर उभी केलेली हातगाडी, फळ्यावरचे खडूचे अक्षर, हे सारे घर्षणाने धरून ठेवलेले असते. निरोपांचेही काहीसे असेच आहे. एका माणसाचा शब्द दुसऱ्याकडे जाताना त्याला वाटेत विरोध होतो. या विरोधाची आपण नेहमी तक्रारच केली आणि तो कमी करण्यासाठी टपाल, तार, टेलिफोन अशी एकेक साधने शोधली. समाजमाध्यमांनी तो जवळजवळ शून्यावर आणला. तेव्हा कुठे ध्यानात येऊ लागले, की आपला खासगीपणा बऱ्याच अंशी याच विरोधाच्या आधाराने उभा होता.

पोस्टकार्डाचे उदाहरण घ्या. भारतात ते १८७९ मध्ये सुरू झाले. ते उघडे असते. टपाल छाटणारा कारकून, पोस्टमन, दारात कार्ड हाती घेणारा शेजारी, आजीला ते वाचून दाखवणारा नातू, यांपैकी कोणीही त्यावरचा मजकूर वाचू शकत असे. तार करायची तर मजकूर तारबाबूच्या हाती द्यावा लागे. (तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) ट्रंक कॉलच्या मध्ये ऑपरेटर असे. पुढे एस.टी.डी. बूथ आले, तेव्हा काचेच्या खोक्याबाहेर रांगेत उभी असलेली माणसे आपले बोलणे ऐकत. आणि गावाकडचा फोन म्हटला की आपण ओरडूनच बोलत असू. सुरक्षिततेच्या आजच्या कसोटीवर यांपैकी एकही साधन टिकणार नाही. तरीही लोक या साधनांनी लग्नाची बोलणी, आजारपणे, उसनवारी, रुसवेफुगवे सारे कळवीत असत आणि बहुतेक वेळा त्यातून काही अनर्थ होत नसे.

याचे कारण असे, की वाटेत वाचणाऱ्याला त्या मजकुराचे फारसे काही करता येत नसे. पोस्टमनने कार्ड वाचले तरी त्याची प्रत हाताने उतरवून घ्यायची तर वेळ जाई. ती गोष्ट दहा जणांना सांगायची तर दहा घरी जावे लागे. दहा वर्षांनी तेच कार्ड शोधायचे तर कोणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक उघडावी लागे. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे माणसे विसरत. तोंडी बोलण्याला तर निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे : उघड्यावर ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून ओट्यावरची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. एकूण खासगीपणा जपला जात होता तो कुलपांपेक्षा कष्टांमुळे.

संगणकाच्या जगात ‘पाठवणे’ या क्रियेचा अर्थच बदलतो. पत्र पाठवले की ते आपल्याजवळून जाते. संगणकीय संदेश कुठेच जात नाही. त्याची प्रत निघते. एक प्रत आपल्या फोनमध्ये, एक दुसऱ्याच्या फोनमध्ये, कधी वाटेतल्या सर्व्हरवर, कधी राखीव साठ्यात. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलो तर अक्षरे पुसट होत जातात. येथे मात्र हजारावी प्रतही पहिल्यासारखीच असते, कारण उतरवले जातात ते शून्य आणि एक हे आकडे. साठवणही इतकी स्वस्त झाली आहे, की काय पुसायचे हे ठरवत बसण्यापेक्षा सगळेच ठेवणे सोपे पडते. पूर्वी लक्षात ठेवायला श्रम पडत. आता विसरायला पडतात.

पालघर, नोव्हेंबर २०१२

हे केवळ तत्त्वाचे बोलणे वाटू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एक घटना पाहू. विरारच्या उत्तरेला वैतरणा, सफाळे, केळवे रोड ही स्थानके ओलांडली की पालघर येते. आज ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. २०१२ मध्ये ते ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंत्ययात्रा निघाली आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद राहिला. त्या दिवशी पालघरमधील विशीतल्या एका मुलीने या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा छोटासा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. त्याच दिवशी तक्रार झाली. मुलीच्या नातेवाईक डॉक्टरांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. मजकूर काढून टाकण्यात आला, क्षमाही मागण्यात आली; पण १९ नोव्हेंबरला दोघींनाही अटक झाली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक असेल. देशभर टीका झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि काही महिन्यांत प्रकरण बंद करण्यात आले. अटकेसाठी वापरलेल्या कलमांपैकी एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’ अशा सैल शब्दांत वर्णन केलेल्या संदेशासाठी त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. श्रेया सिंघल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पालघरच्या या घटनेची गोष्ट सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्याकडे निरोपाच्या शास्त्राच्या अंगाने पाहावेसे वाटते.

असे समजा, की तेच वाक्य तिने त्या रविवारी स्वयंपाकघरात आईजवळ उच्चारले असते, किंवा फलाटावर मैत्रिणीजवळ. तसली वाक्ये त्या दिवशी हजारो घरांत बोलली गेली असतील. ऐकणाऱ्याला बोलणारी माहीत असते, तिचा सूर कळतो, चेहरा दिसतो. कोणाला ते आवडले नाही तर तो तिथेच ‘असे बोलू नये’ म्हणतो, आणि वाक्य हवेत विरून जाते. लिहिलेल्या वाक्याबरोबर सूर गेला नाही, चेहरा गेला नाही. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापलीकडे ते पोहोचले, आणि तेही शोकाने तापलेल्या दिवशी. मूळ मजकूर पुसला तरी तो परत घेता आला नाही, कारण ‘मूळ’ असे काही उरलेलेच नव्हते.

मान डोलावण्याची नोंद

दुसऱ्या मुलीची गोष्ट मला अधिक विचार करायला लावणारी वाटते. तिने केले ते बोलण्यातल्या ‘हं’इतके होते. समोरचा बोलत असताना आपण मान डोलावतो. त्याचा अर्थ कधी ‘पटले’, कधी ‘ऐकते आहे’, कधी नुसते ‘तू माझी मैत्रीण आहेस’ असा असतो. फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’ची खूण आणली आणि ही मान डोलावण्याची क्रिया सही-शिक्क्याच्या कागदासारखी झाली : कोणी, कशाला, किती वाजता, सारे नोंदलेले. या खुणेत ‘पटले’ आणि ‘ऐकते आहे’ यांत फरक करायला जागा नव्हती. (२०१६ मध्ये निरनिराळ्या चेहऱ्यांच्या खुणा आल्या, त्यांनी गोंधळ कितपत कमी झाला हे आपण अनुभवतोच.)

अशा खुणा एकेकट्या क्षुल्लक असतात, पण साठल्या की बोलू लागतात. केंब्रिज विद्यापीठातील मायकेल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या ‘लाइक’चा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला काय काय आवडले एवढ्यावरून त्याचे लिंग, वंश, राजकीय कल, धर्म, व्यसने यांविषयी बऱ्याच अचूकतेने अनुमान करता आले. यात हेरगिरी नव्हती, साधी संख्याशास्त्रीय सहसंबंधाची पद्धत होती. एका सरीने जमीन ओली होते. हजार सरींच्या नोंदीवरून पावसाळा ओळखता येतो, तसेच हे.

२०१८ मध्ये यापुढची पायरी उघड झाली. केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेकडे फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती गेली असावी, असे फेसबुकने जाहीर केले. ही माहिती एका व्यक्तिमत्त्वचाचणीच्या ॲपमधून गोळा झाली होती. भारतापुरते आकडे मुलांसमोर फळ्यावर जरूर लिहावेत : ते ॲप स्वतः घेणारे ३३५, आणि ते घेणाऱ्या कोणाच्या ना कोणाच्या तरी मित्रयादीत असल्यामुळे बाधित झालेले आणखी ५,६२,१२०. या साडेपाच लाखांहून अधिक माणसांनी कोणतीही चाचणी दिली नव्हती, कसलीही परवानगी दिली नव्हती. ती त्यांच्या मित्रांनी दिली होती, आणि तीही नकळत.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या आकड्यांपुढे त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. प्रश्न माझ्याकडे काय आहे हा नाही; माझ्या ओळखीच्यांच्या फोनमध्ये माझे काय आहे हा आहे. एखादे ॲप ‘संपर्कयादी वाचू का?’ असे विचारते तेव्हा आपण ‘हो’ म्हणून देऊन टाकतो ती दोनतीनशे दुसऱ्या लोकांची माहिती असते. त्यांत कोणाचे नाव आपण ‘मधुमेहवाले डॉक्टर’ असे नोंदलेले असते, तर कोणाचे ‘कर्जवसुली’.

वसई भागात वाढलेल्यांना यातली आणखी एक गोष्ट चटकन समजेल. येथे एकच माणूस दिवसाकाठी तीनचार भाषा बोलतो. घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली, शाळेत प्रमाण मराठी, गाडीत हिंदी, कार्यालयात इंग्रजी. केवळ शब्द बदलत नाहीत. काय बोलायचे आणि काय नाही हेही बदलते. आईपाशी बोललेले साहेबापाशी बोलत नाही, यात लबाडी नसते. प्रत्येक ठिकाणाचा एक रिवाज असतो. अमेरिकेतील तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये खासगीपणाची जी व्याख्या मांडली ती याच्याशी जुळते : माहिती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाच्या रिवाजाप्रमाणे ती पुढे जात राहिली तर खासगीपणा शाबूत असतो, एका संदर्भातून उचलून दुसऱ्यात टाकली की तो भंगतो. रुग्णाचा आजार डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना सांगणे योग्य. तोच आजार घरमालकाला कळणे अयोग्य. माहिती तीच, ‘गुप्त’ वा ‘उघड’ असे तिचे दोन ढीग करता येत नाहीत.

समाजमाध्यमांवर या सर्व खोल्यांच्या भिंती पडतात. सोसायटीच्या गटात शेजारी असतात, त्यांतलाच एक आपल्या मुलाच्या वर्गशिक्षिकेचा नवरा असतो, दुसरा आपल्या कार्यालयात असतो. मग बोलणारा दोनपैकी एक मार्ग धरतो. काही जण सर्वांना चालेल असेच बोलतात, म्हणजे शुभ सकाळ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली. गट भरभरून वाहतात, पण त्यात ‘बोलणे’ थोडेच असते. बाकीचे विसरतात की कोण कोण ऐकत आहे, आणि गोत्यात येतात. बोलीवरही याचा परिणाम होतो असे माझे निरीक्षण आहे : घरच्या बोलीत बोलणारी मंडळी गटावर प्रमाण मराठीत किंवा रोमन लिपीतल्या हिंदीत लिहू लागतात. हा विषय कोणा भाषाशिक्षकाने वर्गासह तपासून पाहण्यासारखा आहे.

याचा अर्थ पूर्वीचे सारे चांगले होते असा मुळीच नाही. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाशी तीन मिनिटे बोलायला जेव्हा दिवसाची मजुरी जात असे, त्या काळाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आज अर्नाळ्याची आजी नातवाला रोज पडद्यावर पाहते. घर्षण कमी झाल्याचाच हा लाभ आहे. बेअरिंगमधले घर्षण कमी करावे. ब्रेकमधले करू नये, एवढेच.

फलकावरचे गुण

शाळेतले उदाहरण घेऊ. परीक्षेचे गुण फलकावर लावण्याची पद्धत जुनी आहे. तो फलक सर्वांसाठी खुलाच होता. पण तो वाचायला शाळेत यावे लागे, गर्दीत मान वर करून आपले नाव शोधावे लागे, आणि आठवड्याने कागद काढला जाई. तीच यादी आता मोबाईलने टिपून पालकांच्या गटावर टाकली जाते. ‘आधीही उघडीच होती की’ असे समर्थन केले जाते. तपशील तोच आहे हे खरे. पण नापास झालेल्या मुलाचे गुण आता त्याच्या आत्येभावाच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे राहतात आणि नाव टंकले की दोन सेकंदांत सापडतात.

शोधणे किती सोपे झाले आहे याचा हिशोब वर्गात करता येतो. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड या तीन गोष्टी निरुपद्रवी वाटतात. ८० वर्षांतले दिवस साधारण २९,२००. स्त्री-पुरुष धरून कप्पे झाले ५८,४००. आता एका पिन कोडात एक लाख माणसे राहतात असे समजा. प्रत्येक कप्प्यात सरासरी दोन माणसेही येत नाहीत. त्यात शाळेचे नाव किंवा आडनावाचे पहिले अक्षर मिळवले की बहुतेक कप्प्यांत एकच माणूस उरतो. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९७ मध्ये नावे काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदींतून अशाच पद्धतीने मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. पुढे त्यांनी हिशोब मांडला, की त्या तीन तपशिलांवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्याकडे एका पिन कोडात अमेरिकेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे राहतात (वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती आणि पिन कोड मोजकेच), म्हणून आपला आकडा तेवढा येणार नाही. पण वसईत आडनावावरून गाव आणि समाज यांचा अंदाज बांधता येतो, आणि वाढदिवसाची तारीख तर गटावर दरवर्षी केकच्या चित्रासह जाहीर होते.

अफवेचे गणित

निरोपाचे घर्षण किती घातक रीतीने कमी होऊ शकते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या वर्षी अशा हत्या देशात अनेक ठिकाणी झाल्या. अफवांबरोबर फिरणारी एक चित्रफीत तर मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेविषयी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरून पळवलेले मूल शेवटी परत आणले जाते आणि संदेश दिसतो, असा तिचा शेवट. तो शेवट कापून उरलेली फीत ‘खरी घटना’ म्हणून पुढे धाडली गेली. अफवेला मोबाईल लागतोच असे नाही, हेही खरे. आपल्या जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा चालक यांची हत्या झाली, तीही अशाच अफवांच्या वातावरणात, टाळेबंदीच्या दिवसांत.

अफवेचे गणित आपल्याला कोविडच्या साथीने शिकवलेच आहे. चाळीस जणांच्या गटात एक संदेश आला. वाचणाऱ्यांपैकी सरासरी एकच जण तो पुढे धाडतो असे धरू. उरलेले एकोणचाळीस शहाणे आहेत. हा एक जण तो किती गटांत टाकतो त्यावर सारे अवलंबून. वीस गटांत टाकला तर एका गटाचे वीस, विसाचे चारशे, चारशेचे आठ हजार : तीन पायऱ्यांत तीन लाखांवर माणसे. पाच गटांत टाकला तर तीन पायऱ्यांनंतर १२५ गट, म्हणजे पाच हजार माणसे. एकाच गटात टाकला तर संदेश पसरत नाही, नुसता सरकत राहतो. साथीतला ‘आर’ हा अंक तो हाच. तो १ च्या खाली आला की साथ विझते. प्रत्यक्षात गटांत तीच तीच माणसे असतात म्हणून वाढ इतकी होत नाही, पण कल कळतो. हिशोबातले एकोणचाळीस शहाणे असूनही पुरेसे नाहीत, याकडे मुलांचे लक्ष वेधावे.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून, आधीच अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. कोणता संदेश खरा, कोणता खोटा हे कंपनीने तपासले नाही. मजकूर वाचलाही नाही. फक्त थोडे घर्षण परत आणले.

पाकिटावरची माहिती

मजकूर न वाचता हे कसे जमले, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक रूपात जातात. त्यामागची युक्ती सुंदर आहे. मी माझी बरीचशी उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली मात्र स्वतःपाशी ठेवली असे समजा. ज्याला मला काही पाठवायचे त्याने पेटीत घालून माझे कुलूप दाबून लावावे. लावल्यावर त्यालाही ते उघडता येत नाही. वाहून नेणाऱ्याला तर नाहीच. संगणकात कुलपाच्या जागी अशी गणिती क्रिया असते, जी एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने अतिशय कठीण असते. (गप्पांची जी राखीव प्रत गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर ठेवली जाते तिला असे कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, आणि ती आपण स्वतः सुरू करावी लागते. पुष्कळांना हे ठाऊक नसते.)

पण पेटी बंद असली तरी ती कोणाकडून कोणाकडे, किती वाजता, किती वेळा गेली हे वाहून नेणाऱ्याला कळतेच. याला मेटाडेटा म्हणतात. आपण त्याला पाकिटावरची माहिती म्हणू. तिची ताकद दाखवण्यासाठी आठवी ते दहावीच्या वर्गात एक तास पुरतो. मुलांच्या खऱ्या मैत्र्या वा संपर्क वापरू नयेत. ज्याला कोणीच चिठ्ठी लिहीत नाही असे मूल वर्गासमोर उघडे पडते, आणि तो फार वाईट धडा होईल. त्याऐवजी एक कल्पित नोंदवही फळ्यावर लिहावी. सोमवार, सकाळी ९.१० : ‘क’ला तपासणी प्रयोगशाळेचा फोन, २ मिनिटे. ९.१४ : ‘क’चा बहिणीला, ४० मिनिटे. १०.०५ : कर्करोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला, ३ मिनिटे. १०.३० : विमा कंपनीला, ११ मिनिटे. दुपारी १.०० : कार्यालयाला, १ मिनिट. मंगळवार : दिवसभर एकही नाही. एकही शब्द आपण ऐकलेला नाही. मुलांना विचारावे, ‘क’विषयी काय कळले? साधारण पाच मिनिटांत वर्ग शांत होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या फोननोंदींवर अशीच अनुमाने काढून २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. एकाचा हृदयविकार त्यांना केवळ फोन कोणाला केले यावरून ओळखता आला.

त्यानंतरचा प्रश्न असा, की ही वही कोणाकडे असावी, किती दिवस, आणि ‘क’ने मागितली तर त्याला दाखवावी की नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे आहेत. १८ वर्षांखालील सर्वांना हा कायदा बालक मानतो, आणि त्यांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलती आहेत, पण सहलीची छायाचित्रे कोणत्या गटावर टाकायची हे ठरवण्याचे काम त्या सवलतींनी सुटत नाही. छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ते कोठे व किती वाजता काढले याची नोंद बहुधा त्यातच राहते. साधे चित्र म्हणून पाठवले तर व्हॉट्सॲप ती नोंद गाळते. वसईच्या किल्ल्यावर काढलेल्या एकाच छायाचित्राच्या दोन्ही प्रती संगणकावर उघडून त्यांचे तपशील मुलांना शेजारी शेजारी दाखवता येतील. त्यासाठी शिक्षकांनी आपले स्वतःचे छायाचित्र वापरावे, मुलांचे नको.